शाहूवाडीच्या खोटारड्या यंत्राची भेट

खरं तर हे काम गावातल्या कुणाकडूनही फोनवर करून घेता आलं असतं. पण एका खोटारड्या यंत्रावर मी इतकी वैतागले होते की शुक्रवारची रजा टाकली आणि पुण्याहून कोल्हापूरची एसटी धरली. सोबत कुणी नव्हतं. कधीच नसतं, आणि त्याचा मला अजूनही त्रास होतो.

माझं काम नदीकाठच्या यंत्रांचं. शाहूवाडीकडच्या एका छोट्या नदीवर पाण्याची पातळी कळवणारी सात यंत्रं आहेत. पातळी फार उतरली की उपसाबंदी लागते, म्हणजे शेतीचे पंप बंद आणि उरलेलं पाणी पिण्यापुरतं. एखादं यंत्र बिघडेल, एखाद्याशी कुणी मुद्दाम छेडछाड करेल, म्हणून आमचा नियम सोपा: जास्त यंत्रं सांगतील ते खरं. सहा यंत्रं पाणी भरपूर आहे म्हणत होती. सातवं एकटंच पाणी आटतंय म्हणून बोंबलत होतं. सोमवारी त्याला कायमचं बाद करणार होतो.

कोल्हापुरात स्टँडजवळ मटणाचं ताट घेतलं. वाढप्यानं विचारलं, "एकट्याच काय ताई?" हो म्हटल्यावर त्यानं समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढचा पाण्याचा ग्लास उचलून नेला. पांढरा रस्सा झकास होता. ग्लास मात्र राहू द्यायला हवा होता.

बांबवड्यापर्यंत एसटी मिळते, पुढे वडापची जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा उन्हाळ्यात जाणार असाल तर पाण्याची बाटली आणि धीर दोन्ही जवळ ठेवा.

सातवं यंत्र आक्कांच्या पंपाशेजारी होतं. आक्का म्हणजे साठीतली विधवा बाई, नदीकाठी एकट्या राहतात. मी टेप सोडून पाणी मोजलं. यंत्र बरोबर होतं.

मग काठानं वर चालत गेले. पुढच्या यंत्राची वायर नदीतून बाहेर काढून काठोकाठ भरलेल्या निळ्या बॅरलमध्ये सोडली होती. त्याच्या पुढचीही बॅरलमध्येच. उसाला पाणी पाजणारा एक शेतकरी माझ्याकडं बघत उभा होता.

"बंदी लागली तर ऊस वाळंल की ताई," तो म्हणाला. "सगळ्यांनी मिळून ठरवलंय. ती म्हातारीच तेवढी ऐकत न्हाय."

परत येऊन आक्कांना विचारलं, तुम्ही का नाही ऐकलं?

"खालच्या गावात माझी लेक दिल्याली हाय. तिच्या पोरांनी काय प्यायचं?" त्यांनी चहा पुढं केला. "तवापास्नं कोण बोलत न्हाय. परवा शेजारच्या लग्नाचं आवतानबी न्हाय आलं."

"मी हे कळवलं तर बंदी लागेल, आक्का. सगळे तुमच्यावरच खार खातील."

"आत्ता काय गोड बोलत्यात व्हय? कळीव जा."

परतीच्या एसटीत खिडकी मिळाली, पण बाहेर बघायचं मन नव्हतं. बाद करायला निघाले होते ते एकच यंत्र शहाणं निघालं, आणि त्याची किंमत आक्का मोजणार होत्या.

सोमवारी कळवलं. बॅरल निघाली, बंदी लागली, खालच्या गावाचे नळ चालू राहिले. आता सातही यंत्रं एकच सांगतात.

दर रविवारी आक्कांना फोन करते. काल पुन्हा विचारलं, "आक्का, बोलतं का आता कुणी?"

पलीकडं पंपाचा आवाज नव्हता; बंदी त्यांच्याही पंपाला होती.

"तू बोलतीस की," त्या म्हणाल्या.