पंधरा दिवसांची गर्दी

आमच्या रुआबांध्याच्या वस्तीतून हथखोजकडे जाणारी बस दिवसातून दोनदा सुटे, सकाळी साडेसहाला आणि दुपारी तीनला. वाटेत पोलाद कारखान्याचं गेट, मग कामगारांचा कॅम्प, मग रेल्वेचं फाटक. फाटकापलीकडे डांबर संपून मुरमाचा रस्ता लागे. हथखोजच्या तीनेक मैल पुढे एक गाव होतं. तिथे तलावाच्या पाळीवर बस वळे आणि आल्या वाटेने परत येई.

कारखान्याची पहिली भट्टी पेटून दोनेक वर्षं झाली होती. बाकीचं बांधकाम चालूच होतं. बस एका खाजगी मालकाच्या होत्या. कारखान्याशी त्यांचा करार होता आणि कामगारांना पास मिळत. पास दाखवला की त्या मालकाच्या कोणत्याही बसमध्ये बसता येई.

त्या शेवटच्या गावात प्राथमिक शाळा होती आणि तिथे माझी मोठी बहीण शिकवत असे. सकाळच्या बसने ती जाई, दुपारच्या परतीच्या बसने येई. शाळा बाराला सुटे. चार वाजेपर्यंत ती हेडमास्तरांच्या ओसरीवर बसून पोरांच्या वह्या तपासत असे. नोकरी तात्पुरती होती.

ताईचं लग्न वैनगंगेकाठच्या एका गावात झालं होतं. दोन वर्षांत तिसऱ्यांदा तिला डोक्याला जखम होईपर्यंत मार बसला तेव्हा बाबा जाऊन तिला घेऊन आले. ती मॅट्रिक होती म्हणून ही नोकरी मिळाली. सासरहून दर महिना-दोन महिन्यांनी कार्ड येई : सुनेला केव्हा पाठवता? बाबा उत्तर लिहीत, सध्या नोकरीवर आहे. कारखान्यात ते फिटरचे मदतनीस होते, भंडाऱ्याकडची शेती भावांवर टाकून आलेले. त्यांनी ताईला एकदाच सांगितलं होतं आणि ते आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

"नोकरी हाये तवर कोनी काही विचारनार नाही. नोकरी गेली तर मी लोकाईले काय सांगू? मंग जा लागन."

ताई "हो" म्हणाली होती.

थंडी संपता संपता बसमध्ये कंडक्टरच्या डोक्यावरच्या पत्र्याला एक कागद चिकटवला गेला. पुढचे पंधरा दिवस फाटकापलीकडच्या फेरीचे प्रवासी मोजले जातील. पुरेसे नसतील तर महिनाअखेरीपासून बस फाटकापर्यंतच जाईल. फाटकापासून शाळा सात मैल. गावात खोली घेऊन एकटीने राहण्याला बाबा तयार नव्हते. हेडमास्तरही नव्हते, त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी आमच्या दारात शेजारचे काका येऊन बसले. गोंदियाकडचे, क्रेनवर काम करणारे. नात्याचे नव्हते, पण ओळीतल्या सगळ्या घरांचे ते काका होते. ताईने त्यांना कागदावरचा मजकूर सांगितला.

"मोजूनच राहिले ना?" काका म्हणाले. "मंग आपन बसू. बसाले काय लागते? बूड लागते. ते देवानं सर्व्यायले देल्लं हाये."

"रातपाळी करून आलेले मानसं झोपतीन कवा?" माय आतून म्हणाली.

"बसमंदी झोपू, वहिनी. घरी तरी पोट्टे कोठी झोपू देतेत?"

"अन् आमच्या घरवालीले काय सांगाचं?" दाराशी जमलेल्यांतून कोणीतरी विचारलं.

"सांग, मास्तरीनबाईच्या शाळेत नाव टाकलं. तुले तसंही सही येत नाही."

मी तेव्हा कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. पाळ्यांच्या याद्या करणं हेच माझं काम होतं. तीच पद्धत मी इथे वापरली. पहिल्या पाळीचे लोक दोनला सुटतात. त्यांनी दुपारची बस धरायची. रात्रपाळीचे सहाला सुटतात. त्यांनी गेटवर सकाळच्या बसमध्ये चढायचं. दुसऱ्या पाळीचे सकाळी मोकळे असतात. त्यांनी रुआबांध्याहूनच बसायचं. एकाच माणसावर रोज पाळी येऊ नये म्हणून नावं फिरवली. दोन वेळा, पंधरा दिवस, एकही सीट रिकामी राहणार नाही असा हिशेब बसला. कागद मी दाराच्या आतल्या बाजूला लावला. लोक येऊन आपलं नाव पाहून जात. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना काका वाचून दाखवत आणि वाचताना हजेरी घेतल्यासारखा आवाज लावत.

सगळे आले. गैरहजेरी दोन-तीनच झाल्या आणि त्याही आजारपणाच्या.

मोजायला एक चेकर नेमला होता. तो दाराशी उभा राहून पेन्सिलीने एका फळीवरच्या कागदावर खुणा करी. आमची माणसं त्याच्या पेन्सिलीकडे पाहत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला बसायला जागा करून देऊ लागली. कागद त्याने कोणाला दाखवला नाही आणि कोणी मागितलाही नाही.

कंडक्टर रायपूरकडचा होता. तो विचारी, "आप लोग रोज उधर जाते कहाँ हो?"

"हवा खाने," काका म्हणत.

"हवा तो कॅम्प में भी है."

"वहाँ धुआँ है. तुम्हारी बस का."

मला स्वतःला फक्त रविवारी जाता आलं. शाळेला सुटी होती, ताई घरी होती, पण मोजणी चालू होती. बस गेटवरच भरली. मागच्या सीटवर रात्रपाळीचे चौघे एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपले होते. तलावाच्या पाळीवर बस वळली तरी कोणी उतरलं नाही. परतताना हथखोजच्या थांब्यावर भाजीच्या टोपल्या घेऊन सहा-सात बाया उभ्या होत्या. कॅम्पातल्या बाजारात जायच्या. कंडक्टरने आत पाहिलं आणि हात हलवून नाही म्हटलं. त्यातल्या एका म्हातारीने खिडकीतून डोकावून विचारलं, "का होगे गा? बरात जाथे का?"

"हव दाई!" काका ओरडले. "दूल्हा मैं हूँ!"

बसमध्ये हशा झाला. म्हातारीही हसली. मग तिने टोपली डोक्यावर घेतली आणि बाकीच्या बायांसोबत रस्त्याच्या कडेने चालायला लागली. मी हे खिडकीतून पाहिलं. त्याचा अर्थ मी लावला नाही. उलट थांब्यावर माणसं राहून जातात इतकी बस भरली आहे, ही गोष्ट मी घरी जाऊन सांगितली. माय म्हणाली, "मंग होते काम." ताई चुलीपुढे होती. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं.

पंधरा दिवस संपले. आठवड्याने नवा कागद लागला. फाटकापलीकडची फेरी महिनाअखेरीला बंद.

मी बसमालकाच्या दुर्गच्या ऑफिसात गेलो. लोखंडी टेबलामागे एक वयस्क कारकून होता. मी सांगितलं, बस दोन्ही वेळा भरून जात होती, तुमचा चेकर साक्षीला आहे. तो म्हणाला, हो, त्यानेही तेच लिहिलं आहे. मग त्याने शांतपणे समजावून दिलं. पासवाल्यांसाठी कारखाना दर महिन्याला ठरलेली रक्कम देतो. पासवाला बसो की न बसो, त्या रकमेत फरक पडत नाही. म्हणून फेरी ठेवायची की नाही हे पाहताना पासवाले धरत नाहीत. फाडलेली तिकिटं धरतात. या फेरीची तिकिटं आधी जेमतेम पुरेशी होती. मोजणीच्या पंधरवड्यात ती निम्म्याहून खाली आली.

"गाँववालों को जगह ही नहीं मिली," तो म्हणाला. "आप लोग नहीं बैठते तो शायद चल जाती."

मी विचारलं, पुन्हा मोजता येईल का? तो म्हणाला, अर्ज द्या, पुढच्या वर्षी पाहू. मी तिथेच बसून अर्ज लिहिला. त्याने त्यावर शिक्का मारला.

घरी मी हे फक्त बाबांना सांगितलं. ते मोरीजवळ हातापायांचं तेल काढत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी साबण जागेवर ठेवला.

"कोनाले सांगू नोको," ते म्हणाले. "लोकायनं झोपा मोडल्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सासरच्यांना कार्ड टाकलं. उत्तर लवकर आलं. दीर न्यायला येतो, असं होतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी रजा घेतली आणि ताईसोबत शाळेत गेलो. शाळेत तिच्या काही वस्तू होत्या : स्टोव्ह, एक खुर्ची, पुस्तकांची पिशवी. सकाळची बस अर्धी रिकामी होती. फाटक गेल्यावर मी तिला दुर्गच्या ऑफिसात जे कळलं ते सांगितलं. यादी मी केली होती, तेव्हा मीच सांगणं बरोबर, असं मला वाटलं.

ताई बाहेर पाहत होती. "मले तिसऱ्या दिवशीच समजलं," ती म्हणाली.

"कसं?"

"कंडक्टरजवळचा तिकिटाचा गठ्ठा जसाच्या तसा राहे. मी रोज त्याच्या बाजूलेच बसतो ना. मी त्याले विचारलं. त्यानं सांगतलं."

"मंग बोलली कावून नाही?"

तिने उत्तराला वेळ घेतला नाही. बहुधा तिने ते स्वतःला पुष्कळदा दिलं असावं.

"कोनाले सांगू? काका रातपाळी करून यायचे अन् माह्या बाजूले बसून झोपायचे. तोंड उघडं राहे त्यायचं. त्यायले उठवून म्हनू का, उतरा म्हनून? सारे माह्यासाठी बसले होते."

बस हथखोजला थांबून पुढे निघाली.

"मी एकटीच चार-चार तिकिटं घेत होतो रोज," ती म्हणाली. "म्हटलं, तेवढी तरी भर."

शाळेत हेडमास्तर म्हणाले, आज वर्ग नको, तुम्ही आवराआवर करा. ताईने बारापर्यंत वर्ग घेतला. त्या दिवशी भागाकार होता. मी स्टोव्ह आणि खुर्ची सुतळीने बांधून व्हरांड्यात बसून राहिलो. बाराला तिने हजेरीपत्रक मिटलं, हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवलं आणि शेवटच्या पगाराच्या पावतीवर सही केली. दुपारच्या बसने आम्ही परत आलो. स्टोव्ह बसच्या टपावर टाकला होता. तो उतरवताना त्यातलं थोडं रॉकेल सांडलं.

चार दिवसांनी दीर आला. आमच्याकडे जेवला. बाबा आणि तो पिकापाण्याचं बोलले. ताईची ट्रंक मायने भरली.

गाडी दुर्गहून सकाळची होती. पोचवायला बाबा, मी आणि काका गेलो. काकांना कोणी बोलावलं नव्हतं. दुसरी पाळी आहे, दोनपर्यंत मोकळा आहे, असं म्हणत ते आले. दीर ट्रंक घेऊन डब्यात जागा धरायला गेला तेव्हा काका ताईपुढे उभे राहिले. 

"आमी आपल्याकडून कसर ठेवली नाही, बाई," ते म्हणाले. "बस गच्च भरली होती. बसवाल्यायच्याच मनात नोहोतं."

बाबा फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू लागले. मी ताईकडे पाहिलं.

"नाही काका," ताई म्हणाली. "काहीच कसर ठेवली नाही तुमी."

ती त्यांच्या पाया पडली. मग बाबांच्या पडली आणि डब्यात चढली. खिडकीजवळची जागा दिराने घेतली होती, त्यामुळे गाडी हलली तेव्हा ती आम्हाला दिसली नाही. काकांनी घड्याळ पाहून विचारलं, गेटवर जाणारी बस किती वाजता आहे. मी वेळ सांगितली.