नळीतली पाकळी
नारायणगावच्या बाजारात दसऱ्याचा झेंडू आला, की त्या वासानं मला वैमानिक घडवणाऱ्या शाळेची धावपट्टी आठवते. मी तिथं मेकॅनिक होतो. खंडेनवमीला विमानाची पूजा करताना पंखाखालच्या, वेग मोजणाऱ्या नळीत मी फूल खोचलं होतं, आणि पूजेनंतर ते काढलंही होतं. दोन दिवसांनी जुन्नरच्या एका मुलीची त्याच विमानावर परीक्षा होती. उडण्याआधीच तिनं धावपट्टीवर भर वेगात धावणारं विमान थांबवलं. "घाबरलीस का गं?" शेजारी बसलेले परीक्षक ओरडले. "वेगाचा काटाच हलत नाही, सर. असं विमान मी नेणार नाही." परीक्षा महिनाभर लांबली. नळीत राहिलेली पाकळी मी गुपचूप खिशात घातली आणि नळी तुंबली होती, ती साफ केली, एवढंच सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळी ती मुलगी आपल्या गावाकडच्या बोलीत म्हणाली, "भाऊ, तुमी व्हता म्हणून बिघाड सापडला." दोन जीव तिनं वाचवले होते, आणि मी नुसती मान हलवली. ती पाकळी माझ्या फुलाची होती, हे आज पहिल्यांदा सांगतोय.