मोठीमाय आणि ‘ताईची भाजी’

मोठीमाय स्वयंपाक करताना मीठ कधी चाखून पाहत नसे. झाकण जरा बाजूला सारायची, वाफ नाकाकडे येऊ द्यायची आणि म्हणायची, "अजून चिमूटभर मांगते." शाळेच्या खिचडीचं मोठं पातेलं असो की घरची दोन माणसांची भाजी, ते चिमूटभर टाकलं की पदार्थ बरोबर जमून यायचा. लहानपणी मी एकदा तिला विचारलं होतं, "न चाखता तुले कसं कळते वं?" ती म्हणाली, "लेकरायच्या अगोदर म्या तोंड लावलं तं बरं दिसंल का? मंग नाकालेच शिकवलं."

मोठीमाय म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. मोहाडीपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात दोघी बहिणी दिल्या होत्या, आमची घरंही एकाच वस्तीत. नवरा गेल्यावर मोठीमाय गावातल्या शाळेत पोषण आहार शिजवायला लागली. तेव्हापासून अख्खं गाव तिला खिचडीबाई म्हणायचं. सुरुवातीला काही घरची मुलं खिचडी घेत नसत, घरून डबा आणत. आमच्या बौद्ध वस्तीतल्या बाईच्या हातचं नको, एवढंच कारण. ते कोणी उघड बोलत नसे आणि सगळ्यांना कळत असे. मोठीमायनं त्यावर कधी तोंड उघडलं नाही. फक्त तांदूळ घेताना ती त्या मुलांचाही घ्यायची आणि शेवटपर्यंत पातेल्यात त्यांचा वाटा ठेवायची. "भूक लागली का येतीन," म्हणायची. आली ती मुलं. आधी एक आलं, मग त्याच्या मागून दुसरं. पुढं पुढं तर पातेल्याच्या बुडाची खरवड कोणाला मिळणार यावरून त्यांच्यातच भांडणं होत.

मी त्याच शाळेत होते. रांगेत माझा नंबर आला की ती "ये वं माही चिमणी" म्हणायची आणि अर्धी पळी जास्त टाकायची. पाचवीत असताना मी एके दिवशी तिला घरी गाठून सांगितलं, "शाळेत मले चिमणी म्हणत नको जाऊ. पोरी हासतेत." ती "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी रांगेत तिनं मला विचारलं, "वाढू का बाई?" जशी बाकीच्या मुलींना विचारायची तशीच. पळीही एकच पडली. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. हे सांगायला आज जड जातं, पण वाटलं होतं खरं.

पुढे मी शिकले. लग्न झालं. नवऱ्याची नोकरी भंडाऱ्यात, म्हणून आम्ही जवळच्याच शहापूरला घर केलं. मुलगी शाळेत जायला लागली आणि दुपार मोकळी झाली, तेव्हा मी मोबाईलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकायला लागले. बघणाऱ्या बायका पुण्याच्या, नाशिकच्या, काही परदेशातल्याही होत्या. त्यांच्यासाठी बोलता बोलता मी माझ्या जिभेवरचं ‘मले-तुले’ पार घासून काढलं. सांबाराला कोथिंबीर म्हणायला लागले. आपली बोली आपण विसरलो याचा मला त्या काळात अभिमानच वाटायचा.

दोन वर्षांपूर्वी मोठीमायच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. तिचा मुलगा हैदराबादला कामाला, त्याला सुट्टी नव्हती. माझी आई तर आधीच गेलेली. "मी घेऊन येते तिला, इथं भंडाऱ्यात ऑपरेशन करू," असं मीच त्याला सांगितलं. ऑपरेशनची तारीख आठ-दहा दिवसांनी मिळाली आणि तोवर ती माझ्याकडे राहिली. स्वस्थ बसणं तिला माहीत नव्हतं. धूसर दिसत असूनही चाचपडत लसूण सोलायची, तांदूळ निवडायची.

त्याच दिवसांत माझ्या डोक्यात थाई ग्रीन करी बसली होती. नागपूरच्या एका हॉटेलात ती खाल्ली होती, आणि घरच्या घरी करून व्हिडिओ टाकायचा असं मी ठरवलं होतं. पण लागणाऱ्या अर्ध्या वस्तू आमच्याकडे कुठल्याच दुकानात नव्हत्या. मी यादी वाचून वैतागत होते. मोठीमाय लसूण सोलता सोलता ऐकत होती.

"काहाची भाजी होय वं?"

"थाई करी."

"कोनत्या ताईची?"

मी हसले. थायलंड नावाचा देश आहे, तिथली ती आमटी, असं समजावलं. तिनं ऐकून घेतलं, पण नाव तिनं ठेवलं ते ठेवलंच. त्या दिवसापासून ती ‘ताईची भाजी’. "मंग त्या ताईले काय काय लागते ते सांग," ती म्हणाली.

मी एकेक वस्तू सांगत गेले आणि ती तोडगा काढत गेली. लेमनग्रास म्हटल्यावर मी तिला वास सांगितला. "हा तं गवती चहा होय, माह्या मोरीपाशी माजला हाये," म्हणाली आणि गावाहून येणाऱ्या एका ओळखीच्या बाईकरवी जुडी मागवली. त्या मुलखातलं एक वेगळं आलं लागतं, त्याच्या जागी तिनं थोडं आलं आणि बोटभर आंबेहळद घ्यायला लावली. एका खास लिंबाची पानं हवी होती. तिनं आमच्याच लिंबाची कोवळी पानं चुरगाळून नाकाशी नेली, मधली शीर काढून टाक म्हणाली, नाहीतर कडू होईल. तिथल्या तुळशीऐवजी सब्ज्याचा पाला आणला. फिश सॉसऐवजी, म्हणजे मासळीच्या खारट पाण्याऐवजी, तिनं वाळलेले झिंगे तव्यावर भाजून पूड केली. मी सांबाराच्या जुडीच्या मुळ्या कापून टाकायला गेले तर तिनं माझा हात धरला. "मुळ्या फेकू नको वं. धुऊन घाल. वास मुळ्यातच राह्यते."

मिक्सर होता, पण तिचा त्यावर भरवसा नव्हता. कोपऱ्यातला पाटा तिनं ओढून घेतला. आधी मीठ आणि मिरच्या, मग गवती चहाचे बारीक काप, मग लसूण, कांदा, आंबेहळद, शेवटी मुळ्यांसकट सांबार. मी मोबाईल स्टँडवर लावून तिच्या हातांवर रोखला. ती वाटत होती आणि तोंडानं बोलत होती. "मिरची घसरली का मिठानं धराची. घाईनं वाटलं तं पानी सुटते, दमानं वाटलं तं तेल सुटते." नारळाचं दाट दूध कढईत उकळायला लावलं आणि त्याला तेल सुटल्यावरच तो हिरवा गोळा आत टाकू दिला. घरभर वास भरला. मग कोंबडी, लहान हिरवी वांगी, पातळ दूध, शेवटी सब्ज्याचा पाला. तिनं झाकण सारून वाफ घेतली. "झालं. आता नको छेडू."

आम्ही ती चिनोर तांदळाच्या गरम भातावर घेऊन खाल्ली. नागपूरच्या हॉटेलातली करी तिच्यापुढे काहीच नव्हती. माझ्या नवऱ्यानं तीनदा भात घेतला. मोठीमायनं मात्र एक घास घेऊन म्हटलं, "चांगली हाये ताई. पन हिच्यासंगं आपली भाकर नाही जमत."

त्यानंतर मी जे केलं ते आता नीट सांगते, कारण इतके दिवस मी ते स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. व्हिडिओ तयार करताना मी तिचा आवाज काढून टाकला. दोनतीन ठिकाणी तिचा चेहरा आला होता, तो कापला. सुती लुगडं, धूसर डोळे आणि ती बोली माझ्या व्हिडिओत बसत नव्हती. वर संगीत टाकलं आणि माझ्या स्वच्छ आवाजात म्हटलं, "ही पेस्ट मी पारंपरिक पद्धतीनं पाट्यावर वाटली आहे." माझ्या कुठल्याच व्हिडिओला मिळाली नव्हती इतकी दाद त्याला मिळाली. कोणीतरी लिहिलं, कोथिंबिरीच्या मुळ्या वापरणं हेच तिथल्या स्वयंपाकाचं खरं गमक, तुम्हाला कसं सुचलं? मी उत्तर दिलं, "माझा प्रयोग." मग एका बाईंनी विचारलं, "वाटणारे हात तुमचे वाटत नाहीत. कोणाचे आहेत?" त्यावर मी लिहिलं, "आमच्या घरी काम करणाऱ्या मावशी आहेत." लिहायला पाव मिनिटही लागलं नाही.

मोठीमायचं ऑपरेशन चांगलं झालं. काळा चष्मा निघाला आणि तिला जणू दुसरं जग मिळालं. चौथीपर्यंत शिकली होती, पण नजर गेल्यापासून वाचणं सुटलं होतं. आता ती दिसेल ते वाचायची. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचा मजकूर, पिठाची पिशवी. एकेक अक्षर जोडून, मोठ्यानं, पोरासारखी खूश होऊन.

एके सकाळी म्हणाली, "ताईच्या भाजीचं ते पिक्चर दाखव न मले. आता दिसते." मी टाळाटाळ केली. तिनं सोडलं नाही. शेवटी मी मोबाईल तिच्या हातात दिला आणि दूध बघायच्या निमित्तानं ओट्याकडे वळले. संगीत वाजलं, माझा आवाज आला. ती म्हणाली, "हे तं माहे हात होत!" आणि खुदकन हसली. थोड्या वेळानं म्हणाली, "म्या किती बडबड केली होती, ते कुठी गेलं?" मी म्हटलं, "आवाज नीट आला नव्हता." तीही थापच होती.

व्हिडिओ संपला असावा. तिचं बोट पडद्यावर फिरत राहिलं, आणि मग ती वाचायला लागली. "आ-म-च्या... घ-री... का-म... क-र-णा-ऱ्या..." मी दुधाकडे तोंड करून उभी होते. वळायची हिंमत झाली नाही. "मा-व-शी," तिनं पूर्ण केलं. दूध उतू गेलं, मी गॅस बंद केला.

"मोठीमाय, ते लोकांना..."

"कामच तं केलं म्या," ती म्हणाली. "त्यात का खोटं हाये?"

आवाजात राग नव्हता. तिनं मोबाईल ओट्यावर ठेवला, पालथा, जपून. दुपारी तिनं नेहमीसारखी भाजी निवडली, माझ्या मुलीची वेणी घातली. संध्याकाळी म्हणाली, "उद्या मले मोहाडीच्या गाडीत बसवून दे. घर बंद हाये." मी थांब म्हटलं नाही, माफीही मागितली नाही. बसच्या खिडकीतून तिनं हात बाहेर काढून माझ्या गालाला लावला. "जेवत जा वं वेळेवर," एवढंच म्हणाली.

तीन महिन्यांनी मी गावाला गेले, मनाशी ठरवून, की आता बोलायचंच. तिच्या ओसरीवर शेजारच्या चारपाच बायका बसल्या होत्या. मला पाहताच ती उठली आणि त्यांना सांगायला लागली, "हे माही पोरगी. देशोदेशीच्या भाज्या करते. मोबाईलवर लोकं पाह्यतेत तिले." एक बाई म्हणाली, "ते हिरव्या रश्शाचं का? त्यात तं तू होती न?" मोठीमाय चटकन म्हणाली, "म्या नुसत्या मिरच्या वाटल्या. बाकी सगळं पोरीचंच." बायका माझ्याकडे पाहून कौतुकानं हसल्या. माझं खोटं तिनं माझ्या वतीनं सगळ्यांपुढे उभं धरलं होतं. ते पाडायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी चहा प्यायले. निघताना तिनं माझ्या पिशवीत गवती चहाची जुडी घातली आणि मी ती घेऊनही आले.

त्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं. दरवेळी वाटायचं, हे फोनवर बोलायचं नाही, समोर बसून बोलू. या वर्षी उन्हाळा लागता लागता ती गेली. दोन दिवस ताप आला आणि गेली. मी पोहोचले तेव्हा सगळं आटोपत आलं होतं.

विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, मग लोक तिच्याविषयी बोलले. तिच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली पोरं आता बाप्ये झाली होती. एकेकाळी घरून डबा आणणाऱ्यांतला एक जण उभा राहिला. "आमी तिच्या हातचं खाऊ नाही म्हणून घरून डबा घेऊन निघत होतो," म्हणाला. तो तसाच खाली बसला. सगळ्यांसमोर एवढं तरी तो बोलला होता. माझ्या मनात आलं, त्या घरांनी तिचे हात नाकारले होते. मी हात घेतले आणि बाई कापून टाकली.

मग कोणीतरी माझं नाव घेतलं. मी उठले. बोली आपोआप तोंडात आली, इतक्या वर्षांनी. "त्या व्हिडिओतले हात मोठीमायचे होते," मी म्हटलं. "आख्खी भाजी तिचीच होती. म्या लोकायले सांगितलं का हे आमच्या घरची कामवाली होय. तिनं ते सोता वाचलं." एवढं बोलून मी थांबले. कोणीतरी शिव्या द्याव्यात, निदान आपसात कुजबुजावं, असं मला वाटत होतं.

पहिल्या रांगेतली एक म्हातारी, मोठीमायबरोबर शाळेत चूल सांभाळणारी, माझ्याकडे पाहत होती. ती म्हणाली, "आमाले ठाऊक हाये, बाई. भंडाऱ्याहून गावात आली त्याच दिवशी सांगितलं होतं तिनं मले. मंग म्हने, पोरगी आली का कोनी इचारू नका. तिले लाज वाटंल."

मी उभीच होते. म्हातारी बाजूला सरकली, हातानं सतरंजी झटकली आणि मला तिथं जागा करून दिली.