लाल ‘पा’, निळा ‘ऐ’

गणवीर सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, पेन्सिल असायची. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. मारेगावच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, आणि त्यांच्या तासाला वहीतल्या प्रत्येक वाक्यापुढे एक अक्षर लिहावं लागायचं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तर लाल ‘पा’. कोणाकडून ऐकलं किंवा पुस्तकात वाचलं असेल तर निळा ‘ऐ’. ‘कापूस काळ्या जमिनीत येतो’ याला लाल. ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते’ याला निळा. माझ्या सातवीच्या वहीत निळ्याचा नुसता पूर होता.

ही सवय वर्गापुरती नव्हती. बाजारात कोणी हळूच सांगावं, ‘सर, अमक्याच्या घरी म्हणे भांडण झालं,’ की सर चष्म्यावरून पाहत विचारायचे, “पा का ऐ?” सांगणाऱ्याची बोलतीच बंद! म्हणून गावातले निम्मे लोक त्यांना मान द्यायचे आणि उरलेले निम्मे त्यांना पाहून रस्ता बदलायचे.

हे खूळ आलं कुठून, ते त्यांनीच एकदा सांगितलं. बुद्धविहारातल्या वंदनेत ‘एहिपस्सिको’ असा एक शब्द येतो. सगळे तो घडाघडा म्हणून पुढे जातात. सर लहानपणी तिथे अडकले ते अडकलेच. “वडिलाईले इचारलं, याचा अर्थ काय? तं म्हणे, ये अन् पाय, आपल्या डोळ्यानं पाय. ये अन् मान, असं नाई म्हटलेलं पोरी. ये अन् पाय!”

एकदा शाळा तपासायला एक साहेब आले. त्यांनी मला उभं केलं आणि भारताची राजधानी विचारली. मी ठणठणीत आवाजात सांगितलं, “दिल्ली, साहेब. पण ऐ.” साहेबांना वाटलं पोरीला उचकी लागली. त्यांनी पाणी मागवलं. हेडमास्तरांचा चेहरा पडला, आणि गणवीर सर मागे उभे राहून असे हसले की चष्मा पुसावा लागला.

पण त्याच वर्षी मी त्यांना एक जखम केली. ज्वालामुखीचा धडा चालला होता. सर रंगात आले होते. आपली काळी माती, आपले काळे दगड, हे सगळं कधीकाळी पातळ, लाल, खदखदणारं होतं. “दगडात छिद्रं दिसतात ना? घट्ट बेसन शिजताना बुडबुडे फुटतात, तसे ते बुडबुडे!” सगळा वर्ग आ वासून ऐकत होता. आणि मी, मेली आगाऊ, हात वर करून विचारलं, “सर, तुम्ही पाह्यला का ज्वालामुखी?”

सरांचा खडू थांबला. “नाई,” ते म्हणाले. मग निळा खडू घेतला आणि फळ्यावर भलामोठा ‘ऐ’ काढला. त्यानंतर दर वर्षी हा धडा संपला की ते पोरांना स्वतःहून सांगायचे, “हा धडा माह्यासाठी अजून निळा हाय.” निवृत्तीच्या समारंभात हार गळ्यात असतानाही तेच बोलले. “सगळं शिकवलं. एक धडा मात्र ऐकीव शिकवला. तेवढं मनाले लागून राह्यलं.” मी खुर्चीत अंग चोरून बसले.

मी पुढे मारेगावातच औषधांचं दुकान टाकलं. दोन वर्षांपूर्वी सर बीपीची गोळी घ्यायला आले आणि काउंटरवर एक रंगीत पत्रक आपटलं. नागपूरच्या एका टूरवाल्याचं. बाली. “बेटच्या बेट ज्वालामुखीनं बनलं म्हणते. पोराले सुट्टी नाई, अन् एकट्याले तो जाऊ देत नाई. सुनंदे, प्रश्न तुहा होता. आता सोबत चाल!”

सत्तरी उलटलेला माणूस हे असं म्हणाल्यावर नाही कसं म्हणणार? नवऱ्याने दुकान सांभाळलं आणि मी निघाले.

बाप रे, काय ते आठ दिवस! सर विमानातून उतरले तेव्हापासून सातवीतल्या पोरासारखे सुटले होते. दारोदारी नारळाच्या पानांच्या छोट्या द्रोणात फुलं, भाताची शितं, कुठे कुठे चक्क बिस्कीट ठेवलेलं. रस्त्याच्या कडेला टोपल्यांखाली झाकलेले कोंबडे, आपापल्या टोपलीतून एकमेकांना आव्हान देणारे. डोंगरभर पायऱ्यापायऱ्यांची भातशेती. “सुनंदे, हे पाय! अव हे पाय ना! हा तं आपल्या पंचायत समितीसमोरचा चाफा!” लाल टोक झिजत होतं आणि सर बसमध्ये ब्लेडने पेन्सिल तासत होते. आमचा वाटाड्या वायान, जीपचा ड्रायव्हर वायान, हॉटेलातला पोरगाही वायान. तिथे पहिल्या मुलाचं नाव बहुतेक तेच ठेवतात म्हणे. सर म्हणाले, “इथं हजेरी घेणाऱ्या मास्तरची काय गत होत असंन!”

समुद्रही त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, आणि तोही काळ्या वाळूचा. चपला हातात घेऊन धावले आणि पुढच्या क्षणी नाचायला लागले. वाळू तव्यासारखी तापलेली! पाण्यात जाऊन एकदाचे थांबले. पायाजवळून एक खेकडा तिरका पळाला आणि बिळात शिरला. सरांनी कमरेवर हात ठेवून समोरच्या अथांग पाण्याकडे पाहिलं आणि अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं ओरडले, “समुद्र! पाऽऽ!”

संध्याकाळी हॉटेलच्या छपरातून आवाज आला, “तो-के! तो-के!” वायान म्हणाला, मोठी पाल आहे. आमच्या ग्रुपमध्ये दारव्ह्याचे एक काका होते. ते लगेच बोट आपटून म्हणाले, “पाल चुकचुकली, सत्य हाय!” सर म्हणाले, “पालीच्या साक्षीवर आपलं चालत नाई. आतापर्यंत ती निळी हाय.” आणि टॉर्च घेऊन, मान मोडेपर्यंत वळचणी धुंडाळून त्यांनी ती शोधलीच. वीतभर लांब, निळसर अंग, त्यावर नारिंगी ठिपके. सर टाळ्या वाजवत परतले.

आणि मग तो दिवस आला, ज्यासाठी आलो होतो. जीपने आम्हाला बातूर डोंगराच्या पायथ्याशी नेलं. सगळीकडे थिजलेला काळा लाव्हा, नांगरलेल्या वावरातली ढेकळं फुगून घराएवढी व्हावीत तसा. भेगांमधून नेचे डोकावत होते. वायानने बोट केलं, “सर, वोल्केनो!” बोटापुढे पांढराशुभ्र ढग. डोंगराचा पत्ता नाही.

सर एका दगडावर बसले. एक तास गेला. दुसरा गेला. टूरवाला घड्याळ दाखवायला लागला. मनातल्या मनात त्या ढगाला मी किती शिव्या दिल्या असतील! एवढ्या लांब आणलं या माणसाला, आणि आता हा ढग!

काका म्हणाले, “लिहून टाका ना सर लाल पा. इथं कोण पाहून राह्यलं?”

“मी पाहून राह्यलो ना,” सर म्हणाले. त्यांनी वही काढली आणि लाल टोकाने लिहिलं, ‘ढग – पा.’

मला रडूच फुटलं. सर मात्र उठले आणि चालायला लागले. लाव्हा संपतो तिथे एक बाई कांद्याच्या वाफ्यात निंदत होती. सर चपला काढून बांधावर उकिडवे बसले आणि खुणेनेच विचारून तिची मूठभर माती घेतली. बाटलीतलं पाणी टाकून तळहातावर वळायला लागले, आपल्याकडे जमीन जोखताना वळतात तशी. माती वळेना. भुगाच होत राहिला.

“आपल्या मातीची वात वळते. हिची नाई वळत,” ते पुटपुटले. “काहून? काहून असंन?” मग बांधावरचा एक दगड उचलून त्यांनी डोळ्याजवळ नेला. दगडभर छिद्रं, सगळी रिकामी. “सुनंदे! आपल्या नाल्यातल्या दगडाची छिद्रं आठव! त्याईच्यात पांढऱ्या गारगोट्या भरलेल्या असतात. ह्याच्यात काहीच नाई, भरायले अजून तेवढा काळच नाई गेला. हा दगड अजून लेकरू हाय! माती पण लेकरू हाय!” त्यांनी दगड माझ्या डोळ्यांपुढे धरला. “अव, हे आपल्या वावराचं ल्हानपण हाय. आपण म्हातारपणात राहून राह्यलो!”

ती बाई निंदणं सोडून आमच्याकडे पाहून हसत होती. मी म्हटलं, “मग आता लावा ना लाल.”

“घरचा दगड पुन्हा एकदा नीट पायतो. मंग,” ते म्हणाले. दगड होता तिथेच परत ठेवला.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानाचं शटर वर करत होते, तर सर समोर उभे. हातात नाल्यातला काळा दगड, छिद्रांमध्ये पांढरे स्फटिक. “चाल शाळेत.”

सातवीच्या वर्गात त्यांनी विचारलं, “ज्वालामुखी कोणी पाह्यला?” एकही हात वर नाही. “बरं. आज सकाळी वावरातून कोण कोण आलं? ज्याच्या चपलेले चिखल लागला असंन त्यानं हात वर करा.” जवळजवळ सगळा वर्ग. “मंग तुम्ही पाह्यला! त्याच्यावरूनच चालत आले. मीही सत्तर वर्षं त्याच्यावर उभा होतो अन् निळा लावत बसलो. ल्हानपणीचा त्याचा चेहरा पाहाले मले बालीले जावं लागलं.” वर्गात असा गोंधळ उडाला की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. सरांनी लाल खडू घेतला आणि फळ्यावर भलामोठा ‘पा’ काढला. मग मागे वळून मला म्हणाले, “झालं समाधान, बाई?” मी हो म्हणाले. लेकीएवढ्या पोरांसमोर डोळे पुसत हो म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात लेकीच्या प्रवेशाच्या कामासाठी नागपूरला गेले होते, तेव्हा सरांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाला. मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, विहारात सगळ्यांनी श्रद्धांजली वाहिल्यावर, मुलाने ती पेन्सिल माझ्या हातात दिली. लाल टोक झिजून नखाएवढं राहिलं होतं. निळं मात्र बऱ्यापैकी शिल्लक होतं.

लोक दुकानात येतात आणि म्हणतात, गणवीर सर गेले. मी औषधं देते, मान हलवते. पण मी त्यांचीच विद्यार्थिनी आहे. सर गेले हे मी फक्त ऐकलंय, पाहिलेलं नाही. माझ्या वहीत त्या वाक्यापुढे निळंच अक्षर आहे.