काळी भाजी

अन्नाविषयी जगात जाणून घेण्यासारखं जे काही होतं, ते आमच्या शेजारच्या मेकॅनिक चाचांना ठाऊक होतं. त्यांना ठाऊक नव्हतं ते खाण्याच्या लायकीचं नसणार, अशी माझी खात्री आहे. एकटा जीव. पुसदला त्यांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. कापसाचा भाव पडला तशी फवारणी आटली, पंप येईनासे झाले आणि चाचांची विद्या गल्लीभर मोकाट सुटली. एका लग्नाच्या पंगतीत कुणी शेंगदाण्याला ‘गरिबाचा बदाम’ म्हटलं, तर चाचांनी वाढप्याचा हातच धरला. "बदामाचा काय संबंध? थो तं तुरीचा चुलतभाऊ हाय! शेंगेत येते, दिसत नाही काय?" हात सुटेपर्यंत आमच्या पानातलं वरण गार झालं होतं. भात शिजवून गार केला की त्याची साखर रक्तात हळू चढते, हे त्यांनी मला हातात पाना घेऊन समजावलं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, पण त्यांच्यापुढे माझाच विद्यार्थी व्हायचा.

चाचांच्या या विद्येला मी हसायचो, ते हसणं संपलं बायकोला सातवा महिना लागला तेव्हा. चार पायऱ्या चढली की तिला धाप लागे. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून लोह फार कमी असल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "असंच राहिलं तर बाळंतपण जड जाईल." मी पार घाबरलो. चाचांना कळलं तसे ते ऐन जेवणाच्या वेळी दारात येऊन बसले. बायको भाकरीबरोबर कोरा चहा पीत होती. कापूस पडल्याच्या त्या वर्षांत घरोघरी तेच. चहा-भाकर झाली की जेवण झालं.

"बेटी, थो चहा लोखंडाले रक्तात जाऊ देत नाही. गोळी निंबूपाण्यासंगं घे. अन् भाजी कायच्यात शिजवून राह्यली?"

तिने जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, लखलखीत पातेलं दाखवलं. चाचा उठले आणि घरून लोखंडी कढई घेऊन आले. तिच्यात केलेली अंबाडीची भाजी काळीकुट्ट झाली, आणि आमच्याकडची कुठलीही सुगरण करील तेच बायकोने केलं. नासली म्हणून गाईपुढे टाकली. चाचांनी कपाळावर हात मारला.

"अवं, काळं झालं थेच तं लोखंड हाय! आंबट लोखंडाले खाते, जिंदगीभर नटबोल्टात पाह्यलं मी. डाक्टरीनच्या गोळ्या अन् माही कढई, दोन्ही चालू ठेव."

मी पुस्तकं उघडून पाहिली. खरं होतं! आंबटाने लोखंड झिजतं, हे मी वर्षानुवर्षं नुकसान म्हणून शिकवत आलो होतो. पुढे रोज दुपारी भिंतीपलीकडून हाक यायची, "काळी झाली काय?"

रक्त वाढलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी पेढे आणि घासलेली कढई घेऊन दुकानात गेलो. "चाचा, हे सगळं तुम्ही शिकलात कुठे?"

त्यांनी कढईच्या कडेवरून बोट फिरवलं.

"अम्मीची कढई अशीच होती. नवी दुल्हन येनार म्हनून मीच भंगारात देली, जर्मनची चमचमती आनली. पह्यल्याच बाळंतपनात गेली माही दुल्हन. अंगात रक्तच नाही म्हने. मंग मी वाचाले लागलो."

कढईने का कुणी जातं, चाचा? एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. मी नुसता पेढ्यांचा पुडा पुढे केला. त्यांनी पेढा घेतला आणि कढई परत माझ्या हातात दिली.

"राहू द्या तुमच्याकडंच, गुरुजी. पोरगी हाय आता घरात."