आधी झलक पाहा म्हटलं ना!

आमच्या ग्रुपचे किस्से कोणाला सांगायचे नाहीत असं मी दर वेळी ठरवते. ऐकणारा पोट धरून हसतो आणि माझं बीपी वाढतं! पण रविवार आला की एक नवा घडतोच. पोटात ठेवले तर स्वयंपाकघरात भांडी आपटली जातात. तेव्हा ऐकाच.

आम्ही चौघं. मी कुडव्याला राहते, शाळेत मराठी शिकवते. पटले सर सौंदडचे. गणिताचे शिक्षक होते, आता रिटायर होऊन धान लावतात. राजूभाऊंचं गोंदियाच्या बाजारात पंखे-कूलरचं दुकान. तोंडात हिंदी, जीव मराठीवर. आणि गीता, आमच्या भागातली अंगणवाडी सेविका, माहेर केशोरीचं. आपल्या गावांची, आपल्या बोलीची माहिती विकीवर नीट असावी म्हणून आम्ही रविवारी माझ्या घरी बसतो. विकी म्हणजे कोणीही लिहावं, कोणीही दुरुस्त करावं, असा खुला ज्ञानकोश. त्या 'कोणीही'नेच घात केला!

माझा नियम एकच. सेव्ह करण्याआधी 'झलक' दाबायची, पान कसं दिसतं ते पाहायचं. एकच नियम! गीता सोडून कोणीही पाळत नाही.

*

एका सकाळी पटले सरांचा फोन. "मॅडम, सौंदड गायब झाला!"

मी घाबरले. पुराबिराचं काही असेल म्हटलं. तर विकीवरचं सौंदड! स्टेशन, शाळा, बाजार, धानाचे वाण, सरांनी महिनाभर खपून लिहिलेलं सगळं नाहीसं. पानावर उरली पहिली ओळ: 'सौंदड हे एक गाव आहे.'

"कोणीतरी हॅक केला," सर म्हणाले. "पोलिसात जाऊ काय?"

मी आत जाऊन पाहिलं. सरांनी स्वतःसाठी एक लपवलेली टीप लिहिली होती, 'हे सरपंचाला विचारणे.' अशी टीप सुरू करायची एक खूण असते आणि संपवायची एक. सरांनी सुरू केली आणि विसरले. त्यामुळे पुढचं अख्खं गाव टिपेत गेलं, लपून बसलं!

"सर, आयुष्यभर पोरांचे कंस बंद न केल्याचे मार्क कापलेत ना तुम्ही?"

"ते गणित होतं," सर म्हणाले. "हे मराठी आहे."

*

याच सरांचं दुसरं. प्रत्येक परिच्छेद करड्या चौकटीत, अक्षरं टाइपरायटरची, ओळी उजवीकडे स्क्रीनच्या बाहेर पळालेल्या. विकीवर ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा सोडली की असं होतं. मी दहादा सांगितलं, सोडू नका!

"परिच्छेद सुरू करताना जागा सोडावी लागते," सर शांतपणे म्हणाले. "तुम्हीच शिकवता ना वर्गात?"

मी उठून चहा ठेवायला गेले. नाही तर काहीतरी फेकून मारलं असतं.

*

राजूभाऊंनी तलावाचा फोटो लावला. पानावर फोटोच्या जागी नुसतं नाव, लाल अक्षरात. मी कोड उघडला, तर दुवा दिला होता त्यांच्याच कॉम्प्युटरचा! डेस्कटॉप, त्यात 'पिंकी की शादी' नावाचा फोल्डर, त्यात तलाव.

"राजूभाऊ, फोटो आधी विकीवर अपलोड करावा लागतो. तुमच्या घरातला फोटो जगाला कसा दिसेल?"

"मेरे यहाँ तो एकदम बढ़िया दिखता है, मॅडम!"

"लोकांना नाही दिसत!"

"तो लोगों को बोलो घर आ जाए. चाय भी पी लेंगे."

*

त्यांनीच केशोरीच्या पानावर अर्जुनी मोरगाव तालुक्याचा दुवा दिला. नाव पूर्ण टाईप करायचा कंटाळा. पहिली दोन अक्षरं टाकली, खाली जे पहिलं नाव आलं ते दाबलं, झलक न पाहता सेव्ह! प्रत्येक लेखामागे वाचकांच्या शंकांसाठी एक चर्चापान असतं; नंतर एका माणसाने तिथे विचारलं, "केशोरीच्या तालुक्यावर क्लिक केल्यावर तिसरा पांडव का येतो?"

राजूभाऊंचं म्हणणं, "अच्छा है ना! तहसील की इज्जत बढ़ गई."

*

हे सगळं मी सोसलं. आपली माणसं आहेत, चुकतात, शिकतील. पण पुढचं सोसलं नाही.

आमच्या इकडच्या झाडीबोलीच्या पानावर गीताने वाक्यं घातली होती. पलीकडे प्रमाण मराठीतला अर्थ. सगळी वाक्यं तिच्या आईच्या तोंडची. आई मागच्या वर्षी गेली. "आवाज भरून ठेवायचा राहून गेला, मॅडम," गीता म्हणाली होती. "शब्द तरी राहू द्या."

एका रविवारी पान उघडलं. तिथे होतं: 'झाडीबोलीत "मूल का रडत आहे?" याला "मूल का रडत आहे?" असे म्हणतात.'

गीताने लिहिलं होतं, 'पोरगं काऊन रडून राहिलं?' खाली 'कुठी जाऊन राहिली वं?' याचंही झालं होतं, 'कुठे जात आहेस?' सगळी वाक्यं धुऊन, इस्त्री करून ठेवलेली! आणि पानाच्या 'इतिहासात', जिथे कोणी काय बदललं ते दिसतं, कुणा अनोळखी संपादकाची नोंद: 'अशुद्ध भाषा दुरुस्त केली.'

मी जुनी आवृत्ती परत आणली. त्याने पुन्हा दुरुस्त केली. मी पुन्हा आणली, त्याने पुन्हा! गीता स्क्रीनवरचं एकेक वाक्य पुन्हा वाचत होती.

मग मी चर्चापान उघडलं आणि त्या माणसाला जे लिहायला सुरुवात केली, ते मराठीच्या शिक्षिकेला शोभणारं नव्हतं. राजूभाऊ मागून वाचून म्हणाले, "मॅडम, इतना तो हम गाहक को भी नहीं बोलते."

गीताने माझा हात धरला. "सरका, मॅडम. मले लिहू द्या."

माझं सगळं पुसून तिने एका बोटाने एकच शब्द टाईप केला.

'कायले?'

झलक दाबली, नीट पाहिलं, आणि सेव्ह केलं.

पुढच्या रविवारी आम्ही चौघांनी ते चर्चापान उघडलं. खाली उत्तर नव्हतं. पण गीताच्या नावापुढे 'कायले?'च्या जागी आता लिहिलेलं होतं:

'कशासाठी?'