मामाची पाचची फेरी

माझ्या मामाला कॅम्पवरचे लोक पाठीमागे ‘नाक’ म्हणायचे, आणि ते त्याला माहीत होतं. कुणी तोंडावर म्हटलं असतं तरी त्याची हरकत नव्हती. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात, ओढ्याच्या काठाला, तंबू ठोकायच्या बत्तीस जागा आहेत. त्यांचा तो रखवालदार. फाटकावर नोंद करायची, लोकांना जागा दाखवायची, नळ आणि संडास धड ठेवायचे आणि रोज संध्याकाळी पाचला फेरी मारायची, एवढं त्याचं काम. बाकीचं तो निमूटपणे करायचा. फेरीला मात्र दाढी करून, टोपी घालून निघायचा.

फेरी असते ती अस्वलांपायी. प्रत्येक जागेशेजारी एक लोखंडी पेटी जमिनीत पक्की बसवलेली आहे. ज्याला म्हणून वास आहे ते सगळं त्या पेटीत गेलं पाहिजे, असा नियम. खाणं तर झालंच, पण साबण, टूथपेस्ट, ओठांना लावायचं मलम, एवढंच काय, लहान मुलाचं चिकट झालेलं खेळणंसुद्धा. लोक फाटकावर माना डोलावतात, सही करतात आणि तंबूत शिरल्याबरोबर उशाखाली बिस्किटांचा पुडा ठेवतात. चांगले शिकलेसवरलेले लोक. मी शाळेत गणित शिकवते, एकच गोष्ट दहादा सांगायची मला सवय आहे, तरी मला त्यांचा भयंकर राग यायचा. मामाला यायचा नाही. तो तंबूपाशी उभा राहायचा, टोपी काढायचा, डोळे मिटून नाक जरासं वर करायचा आणि म्हणायचा, “केळी. दोन आहेत. डावीकडच्या पिशवीत.”

मग आतून केळी बाहेर यायची. दोनच असायची.

दर मोठ्या सुट्टीत मी मामाकडे जाते. लहानपणी आई पाठवायची म्हणून, आता माझ्या हौसेनं. फाटकाजवळ त्याची दोन खोल्यांची केबिन आहे. पुढे लाकडी व्हरांडा, मागे जप्त केलेल्या मालाचं मोठं लोखंडी कपाट. मामी केबिनमागे चार फुलझाडं लावते आणि हरणं ती खातात. ती पुन्हा लावते. ह्यावरून दोघांचं तीस वर्षं भांडण चाललेलं आहे, कारण मामा हरणांच्या बाजूनं बोलतो.

ह्या वर्षी मी गेले तेव्हा मामाचा सगळा जीव एका अस्वलिणीत अडकला होता. तिचा डावा कान फाटलेला, म्हणून ती कानफाटी. मामानं तिला ती मांजराएवढी असल्यापासून पाहिलेलं. मागच्या मोसमात कुणीतरी टेबलावर उघडा टाकलेला पाव तिनं खाल्ला होता. तेव्हा वनअधिकारी बाई स्वतः येऊन बजावून गेल्या होत्या, “आणखी एकदा तिला इथं काही खायला मिळालं, तर मला पिंजरा लावावा लागेल. माणसांच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल मोकळं ठेवता येत नाही.” पिंजऱ्यात गेलेलं अस्वल परत डोंगरात येत नाही. आणि आता तिच्यामागे दोन पिल्लं होती.

“ह्या वर्षी एक दाणासुद्धा बाहेर राहता कामा नये,” मामा पहिल्याच दिवशी मला म्हणाला. तो शेगडीशेजारच्या खुर्चीत बसून नोंदवही लिहीत होता. शेगडीवर दूध होतं. ते उतू गेलं, मग करपायला लागलं, सगळ्या खोलीत जळका वास भरला, आणि मामा शांतपणे नावं लिहीत होता. मी उठेपर्यंत मामी बागेतून धावत आली, पातेलं उचललं, खिडकी उघडली आणि एक अक्षर न बोलता घासायला बसली. मामी आणि एक अक्षर न बोलता. मला तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं. पण सुट्टीवर आलेल्या माणसाचं डोकं जरा मंदच चालतं.

फेऱ्या तर झोकात चालल्या होत्या. मामा आता केळी-बिस्किटं असं नाव घेत नव्हता. तो तंबूपुढे उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि गंभीर आवाजात म्हणायचा, “तुम्ही सांगता, की मी सांगू?”

त्यावर लोकांची जी तारांबळ उडायची, ती बघण्यासारखी असायची. एक टक्कल पडलेले गृहस्थ तर बायकोदेखत उभे राहून म्हणाले, “तिच्यापासून लपवलेलं चॉकलेट आहे. पण ते मी पेटीतच ठेवलंय हो.” बायकोनं त्यांच्याकडे असं पाहिलं की मामानं पुढच्या जागेकडे काढता पाय घेतला. बहुतेक ठिकाणी मात्र आधीच सगळं पेटीत गेलेलं असायचं. “पाहिलंस? आता लोकांना वळण लागलंय,” मामा मला सांगायचा. त्याची छाती दोन इंच फुगलेली असायची.

मामीला ह्या वर्षी नळांची फार काळजी लागली होती. रोज चार वाजले की पाना घेऊन निघायची. “नळ बघून येते,” म्हणायची आणि तासाभरानं परत यायची. आख्ख्या कॅम्पात नळ सहा आहेत. मी गणिताची बाई, पण हा हिशेब काही मला घालावासा वाटला नाही.

मग मामीच्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. सामान घेऊन येणारी जीप परत जाताना मामी तिच्यातून दोन दिवसांसाठी निघाली. निघताना तिनं मला बाजूला घेतलं. “रोज पाचच्या आधी नळ बघून येत जा. सगळ्या जागांवरून फिर. नीट फिर.”

“फिरते गं,” मी म्हटलं.

आणि मी खरंच नळ बघितले. सहाच्या सहा. एकाचा वॉशर बदलला. मामीला दाखवायला जुना वॉशर खिशात ठेवला. माझ्यासारखी शहाणी बाई शोधून सापडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ नंबरचे पाहुणे निघून गेले. गळ टाकून मासे धरणारे एक आजोबा होते, अतिशय सज्जन, अतिशय विसराळू. आपला जाड कोट ते झाडाच्या फांदीवरच विसरले. मामानं तो उचलून आणला. पुढच्या जीपनं पाठवून देऊ म्हणाला.

दुपारी मी नळांची सेवा करून पावणेपाचला केबिनकडे वळले. व्हरांड्याच्या पायऱ्यांच्या बऱ्याच अलीकडे मला वास आला. मासळीचा, तीही शिळी. नाकाला रुमाल लावून वर गेले तर मामा खुर्चीत बसून, कोट मांडीवर घेऊन, त्याचं लोंबणारं बटण शिवत होता. चष्मा नाकाच्या टोकावर, तोंडात दोरा. मोठ्या प्रेमानं चाललं होतं.

“मामा, मासे,” मी म्हटलं.

तो ताडकन उठला. “कुठे?”

कोट त्याच्या हातातच होता. तो व्हरांड्याच्या ह्या टोकाला बघत होता, त्या टोकाला बघत होता, आणि मग त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी कोटाकडे बोट दाखवलं. त्यानं कोटाच्या खिशात हात घातला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चार छोटे मासे निघाले. सकाळपासून व्हरांड्यात होते ते, सहा तास, वाऱ्यावर.

मी सहज ओढ्याकडे नजर टाकली. पलीकडच्या काठावर कानफाटी मागच्या दोन पायांवर उभी होती. नाक वर, आमच्याच दिशेला. पिल्लं तिच्या मागे गवतात धडपडत होती. ओढ्याला पाणी गुडघाभर. तिला इकडे यायला मिनिटभर लागलं नसतं.

मामा कोट घेऊन मागच्या कपाटाकडे पळाला. घाईत त्याला कडी लागेना. ती मी लावली. तोवर त्यानं स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं आणि डाव उचलला होता. काठावर जाऊन तो पातेलं बडवायला लागला. मीही बादली घेऊन त्याच्यामागे गेले. आसपासच्या तंबूंतून माणसं बाहेर आली आणि कुणी काही न विचारता ताटं वाजवायला लागली. ह्या सगळ्या कल्लोळात मामाचा आवाज मला ऐकू येत होता. तो ओरडत नव्हता, विनवत होता. “जा गं बाई. इथं काही नाही तुझ्यासाठी. पोरांना घेऊन जा.”

कानफाटीनं एक पाय पाण्यात घातला. मग तिला आमचा गोंगाट असह्य झाला असावा. ती चार पायांवर आली, वळली आणि झाडीत शिरली. धाकटं पिल्लू जरा वेळ आमच्याकडे बघत थांबलं, मग आईमागे पळालं.

आम्ही राखेनं व्हरांडा घासला. मग मामा पायरीवर बसला.

“मला वास येत नाही,” तो म्हणाला. “हिवाळ्यात तो ताप आला होता ना, तेव्हापासून. आधी वाटलं सर्दी आहे. मग बर्फ वितळलं, झाडं फुलली, आणि मला काही म्हणजे काही कळेना. कुणाला सांगणार? नाक म्हणतात मला लोक.”

“अरे, पण फेऱ्या?”

“थापा. सगळ्या थापा. लोक घाबरून आपणहून सांगतात, माझं काम भागतं. पण जो खरंच विसरलाय, तो काय सांगणार? ती आज पिंजऱ्यात गेली असती, माझ्यामुळे. माझ्या तोऱ्यापायी.” त्याचे डोळे भरून आले होते. मला मामाला रडताना पाहायची सवय नाही. मी त्याच्या शेजारी बसून राहिले. खूप वाईट वाटलं मला, आणि खिशातल्या त्या वॉशरची लाजही वाटली.

रात्रीच्या आत त्यानं नोंदवहीच्या मागच्या पानावर राजीनामा लिहून टाकला. शुद्धलेखन मी तपासलं, कारण नाही म्हटलं तर तो चिडला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामी परतली. तिनं पिशवी खाली ठेवायच्या आत मामानं तिला सगळं सांगितलं, एका दमात.

“माहीत आहे,” मामी म्हणाली. “जानेवारीपासून माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“अहो, तुमच्या उशाशी मी कापूर ठेवला, लसूण ठेवला, एकदा तर माझ्या भावाचे मोजे ठेवले. तुम्ही आपले ढाराढूर. मला कळणार नाही होय?”

हळूहळू मामाच्या ध्यानात आलं. “म्हणजे ते नळ…”

“कसले नळ घेऊन बसलात. चार वाजता प्रत्येक तंबूभोवती हुंगत फिरते मी. लोकांना म्हणते, साहेब पाचला येतील, त्याआधी ते लोणी तेवढं पेटीत टाका.”

“आणि मला वाटलं, लोकांना वळण लागलं.”

“लागलंच आहे ना,” मामी म्हणाली. “मी लावलं.” मग तिनं माझ्याकडे मोर्चा वळवला. “आणि तुला नीट फिरायला सांगितलं होतं ना?” मी खिशातून वॉशर काढून तिच्या हातावर ठेवला. ती कपाळाला हात लावून खुर्चीत बसली आणि जी हसायला लागली, ती थांबेचना. आधी मी हसले, मग मामासुद्धा. त्याला हसायचं नव्हतं, पण इलाज चालला नाही.

राजीनामा मात्र त्यानं फाडला नाही. शनिवारी वनअधिकारी बाई तपासणीला आल्या, तेव्हा टोपी हातात घेऊन, उभं राहून त्यानं त्यांना कोटापासून ताटांपर्यंत सगळं सांगितलं आणि कागद पुढे केला. मामी दारात उभी होती. तिच्या हातात पाना होता. तो कशासाठी, ते मला विचारायचं धैर्य झालं नाही.

बाईंनी कागद वाचला. “अस्वलाला काही मिळालं?”

“नाही.”

“मग पिंजऱ्याचा प्रश्न येत नाही.” त्यांनी कागदाची घडी घालून मामाच्या हातात परत दिली. “पाच वाजता फेरी मारावी, असं नियमात आहे. एकट्यानं मारावी असं कुठं लिहिलेलं नाही. वहीत दोघांच्या सह्या होऊ द्या. मात्र तुम्ही हे आधी सांगायला हवं होतं, आणि ते मी लिहिणार आहे.”

“लिहा,” मामा म्हणाला.

जाताना बाई फाटकाजवळ थबकल्या, खिशातून पेपरमिंटच्या गोळ्या काढल्या आणि मामीकडे दिल्या. “पूर्वी ह्यांनी मला ह्याच गोळ्यांवरून पकडलंय,” त्या म्हणाल्या. “तीनदा.”

त्या दिवशी पाचला दोघं निघाले. मी वही घेऊन मागे. प्रत्येक तंबूपाशी मामानं टोपी काढली, डोळे मिटले, नाक वर केलं. मामी त्याच्या खांद्यामागून हळूच काहीतरी म्हणायची, की मामा खणखणीत आवाजात जाहीर करायचा, “संत्रं. अर्धं सोललेलं.” लोकांना मामी दिसत होती, ऐकूही येत असावी. तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या जागेपाशी पोचेपर्यंत मामाची छाती पुन्हा दोन इंच वर आली होती.

परतताना तो मामीला विचारायला लागला, “आणि आता? आता कसला येतोय?” ती सांगत होती. झाडांच्या चिकाचा, ओल्या लाकडाचा, कुणाच्या तरी कॉफीचा, वाळत घातलेल्या गोधडीचा. तो प्रत्येक वासाला मान डोलवत होता. ती सांगायची थांबली की तो पुन्हा विचारायचा, आणि माझी मामी, जी एरवी एक गोष्ट दोनदा विचारली तर अंगावर येते, ती पुन्हा सांगायची.

ओढ्यापाशी मामीनं एकदम त्याचा दंड धरला. पलीकडच्या उतारावर, चांगली लांब, कानफाटी पिल्लांना घेऊन झुडपातली फळं खात होती. आम्ही उभे राहिलो. वारा आमच्याकडून तिच्याकडे जात होता. तिनं मान उचलली, नाक वर केलं, बत्तीस तंबूंच्या दिशेला बराच वेळ हुंगलं. मग मान खाली घालून पुन्हा फळं खायला लागली.

मामानं टोपी डोक्यावर नीट बसवली. “तिलाही कसला वास आला नाही,” तो म्हणाला, आणि ते सांगताना इतका खूश होता की घरी पोचेपर्यंत त्यानं मामीचा हात सोडला नाही.